पाण्याचं अप्रेझल

एप्रिलमध्ये आमच्या ऑफिसात दोनच विषय चालतात. अप्रेझल आणि टँकर. अप्रेझल वर्षातून एकदा होतं, टँकर रोज येतो. आला तर कोणी त्याचं नाव काढत नाही, नाही आला की सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर महायुद्ध!

आमची सोसायटी पुण्याच्या त्या पट्ट्यात आहे जिथे पत्त्यात अजून गावाचं नाव येतं आणि हप्ता मात्र शहराचा जातो. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, त्यातलंच आमचं एक. फ्लॅट बुक केला तेव्हा आम्ही मॉड्युलर किचन बघितलं, जिम बघितली, गच्चीवरून डोंगर दिसतो का तेही बघितलं. अॅग्रीमेंटमधलं एक कलम तेवढं वाचायचं राहिलं. महापालिकेचं पाणी मिळेपर्यंत रहिवाशांनी पाण्याची पर्यायी सोय करायची, असं काहीतरी त्यात होतं. ‘पर्यायी सोय’ म्हणजे रोज सकाळी साडेसहाला रिव्हर्स घेताना ‘टुँ टुँ’ करणारी गाडी, हे पझेशननंतर कळलं.

तर गेल्या महिन्यात सोसायटीची मीटिंग झाली. विषय : उन्हाळ्याचं काय करायचं? चौथ्या मजल्यावरचे काका म्हणाले, चौथं बोअर घेऊ. (आधीच्या तीनपैकी दोन कोरडी आहेत. काकांचा आशावाद मात्र ओला.) सेक्रेटरी म्हणाले, टँकरवाल्याशी वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट करू. मग कोणीतरी म्हणालं, आधी सगळ्या पर्यायांचा नीट तक्ता करा. १८० फ्लॅट, त्यातले निम्मे आयटीवाले, तरी एक्सेल माझ्याच गळ्यात पडलं. कारण मी मीटिंगला उशिरा पोचलो.

बसलो शनिवारी लॅपटॉप घेऊन. आणि नेमका मामाचा फोन आला.

माझा मामा इंदापूर तालुक्यात शेती करतो, मुठा कालव्याच्या टेलला. टेल म्हणजे शेवटचं टोक. पुण्याहून निघालेलं पाणी हवेली, दौंड करत करत, उरलं तर मामापर्यंत पोचतं. त्यामुळे त्याला माझ्या तब्येतीपेक्षा पानशेतच्या तब्येतीची जास्त काळजी. फोनवर पहिला प्रश्न, ‘‘काय रे, धरणात किती आहे?’’ मी म्हटलं, ‘‘मामा, मी सोसायटीच्या पाण्याचा हिशेब करतोय, नंतर बोलू.’’ तो म्हणाला, ‘‘कर कर. त्यातच आमचाबी हिशेब हाय.’’

झालं. सोसायटीचा तक्ता बाजूला राहिला आणि मी शहराचा करायला लागलो.

आधी सध्याचा स्टाफ बघू. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही आपली चार धरणं. चौघांची मिळून क्षमता सुमारे २९ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे दहा हजार लिटरवाले साधारण २८ लाख टँकर. (हा आकडा मी तीनदा तपासला.) त्यातलं वर्षाला २० टीएमसीच्या पुढे पाणी एकटं पुणे शहर उचलतं. बाकीचं शेतीला. कोणाला किती, कधी, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. आपल्याकडे ती बातमी ‘पाणीकपात टळली’ अशी येते. मामाकडे तीच बातमी ‘आवर्तन लांबलं’ अशी येते. बैठक एकच बरं का!

पुण्याची आजवरची स्ट्रॅटेजी सरळ होती : कमी पडलं की वर जा. पेशवाईत कात्रजच्या तलावातून नळ काढून शहरातल्या हौदांत पाणी आणलं. इंग्रजांनी १८७० च्या दशकात खडकवासला बांधलं. मग पानशेत आलं. १२ जुलै १९६१ ला ते फुटलं, खडकवासल्याची भिंतही गेली, आणि त्या पुराच्या गोष्टी जुने पुणेकर अजून सांगतात. पानशेत पुन्हा उभं राहिलं, नंतर वरसगाव आलं, शेवटी टेमघर. दर पिढीला एक धरण. आता खोऱ्यात वर जायला जागाच उरलेली नाही.

मग पुढच्या २५-३० वर्षांसाठी काय? मी पाच पर्याय घेतले आणि प्रत्येकाला अप्रेझलसारखे पाच प्रश्न विचारले. पाणी किती मिळेल? कधी मिळेल? खर्च किती? पाऊस दगा देईल तेव्हा काय? आणि पाचवा, जो एक्सेलमध्ये सहसा कोणी टाकत नाही : हे पाणी आधी कोणाच्या वाट्याचं होतं?

पर्याय पहिला, बाहेरून नवं पाणी आणा. ताजं उदाहरण खेड तालुक्यातल्या भामा आसखेडचं. तिथून वर्षाला अडीच टीएमसीच्या आसपास पाणी विमाननगर, खराडी, वडगावशेरी या पूर्व भागाला मिळतं. तिथले माझे मित्र खूष आहेत आणि त्यांनी असावंच. पण ही योजना जेएनएनयूआरएमच्या काळातली, आणि पाणी सुरू झालं १ जानेवारी २०२१ ला. मधली वर्षं धरणग्रस्त शेतकरी पुनर्वसनासाठी आंदोलन करत होते. त्यांचं म्हणणं चूक होतं का? जमीन त्यांची गेली, शॉवर आपला सुरू झाला. आता मुळशीच्या पाण्याची मागणी अधूनमधून होते. ते धरण टाटांचं, पाणी वीज करून कोकणात उतरतं. विचार करायला हरकत नाही. पण १९२१ मध्ये सेनापती बापटांनी ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला ते हेच, हे विसरू नये. आणि पाऊस? ही सगळी धरणं त्याच सह्याद्रीच्या कुशीत. पाऊस रुसला की सगळ्यांवर एकदमच रुसतो. पगार, बोनस आणि शेअर्स सगळं एकाच कंपनीत असावं, तसा प्रकार!

पर्याय दुसरा, कालव्याऐवजी बोगदा. खडकवासल्याहून फुरसुंगीपर्यंत सुमारे २८ किलोमीटरचा बोगदा प्रस्तावित आहे. उघड्या कालव्यात पाणी झिरपतं, चोरीला जातं, वाफ होऊन उडतं. शिवाय २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ याच कालव्याची भिंत फुटून शेकडो घरांत पाणी शिरलं होतं. बोगद्याने दोन टीएमसीहून जास्त पाणी वाचेल असा सरकारी अंदाज आहे. मार्क चांगले आहेत. फक्त वाचलेलं पाणी शहर पिणार की टेलला जाणार, हे आत्ताच लिहून घ्यायला हवं.

पर्याय तिसरा, गळती थांबवा. इथे मी चहाचा कप खाली ठेवला. शहरात येणाऱ्या पाण्यातलं ३५ ते ४० टक्के पाणी गळतीत जातं, असं गेली कित्येक वर्षं सांगितलं जातं. २० टीएमसीचे ३५ टक्के म्हणजे ७ टीएमसी. टेमघर धरणाची क्षमता ३.७. म्हणजे जवळजवळ दोन टेमघर आपण दरवर्षी हिशेबाबाहेर घालवतो! (खुद्द टेमघरच्या भिंतीतून २०१६ मध्ये पाण्याच्या धारा लागल्या होत्या. असो.) हे सगळंच पाणी जमिनीत मुरत नाही. काही बेकायदा नळांतून जातं, काही मोजलंच जात नाही. म्हणूनच ‘चोवीस तास पाणी’ योजनेत नव्या टाक्या, नव्या वाहिन्या आणि तीन लाखांच्या आसपास मीटर असा सगळा घाट घातला गेला. काम सुरू होऊन कित्येक वर्षं झाली, ठरलेली मुदत कधीच उलटली. रस्ता खणला की आपण चिडतो आणि मीटर बसवायला माणूस आला की काही ठिकाणी त्याला गेटवरूनच परत पाठवतात. धरणाला उद्‌घाटनाची कोनशिला असते. बुजवलेल्या गळतीला कोण कोनशिला लावणार?

पर्याय चौथा, वापरलेलं पाणी पुन्हा वापरा. नाक मुरडू नका. सिंगापूरला ऑनसाइट होतो तेव्हा अभिमानाने सांगणारे भेटले : त्यांच्याकडे २००३ पासून सांडपाणी शुद्ध करून वापरतात, मुख्यतः कारखान्यांना देतात. आपल्याकडेही सोय आहे, फक्त आपल्याला ती माहीत नाही. मुंढव्याच्या जॅकवेलमधून प्रक्रिया केलेलं पाणी उचलून बेबी कालव्यात सोडायचं आणि वर्षाला साडेसहा टीएमसी शेतीला द्यायचं, असा करारच आहे. पण पाणी नीट शुद्ध झालं नाही तर शेतकऱ्याला आपण पाणी देत नाही, आपलं सांडपाणी देतो. ‘जायका’च्या मदतीने होणारे ११ शुद्धीकरण प्रकल्प म्हणूनच महत्त्वाचे. ते मामासाठी आधी, नदीकाठच्या जॉगिंग ट्रॅकसाठी नंतर. आणि या पर्यायाची खास गोष्ट अशी की दुष्काळातही तो कामावर येतो. पाऊस पडो न पडो, शहर आंघोळ करतंच.

पर्याय पाचवा, पावसाचं पाणी जिरवणं आणि विहिरी-बोअर जपणं. मात्रा कमी, पण पाणी स्वतःचं. अट एकच : भरल्याशिवाय उपसायचं नाही.

तक्ता संपला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. निकाल असा की नवं धरण किंवा नवी वाहिनी म्हणजे बाहेरून मोठ्या पॅकेजवर माणूस घेण्यासारखं. कधीकधी घ्यावा लागतो. शहर वाढतंय, गरज नाही असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण घरातलाच माणूस ३५ टक्के वेळ गायब असेल, तर आधी तो कुठे जातो ते बघायला नको का? आधी गळती आणि मीटर, सोबत पुनर्वापर, आणि मग नव्या पाण्याची मागणी. क्रम उलटा केला की नवं पाणीही त्याच भोकातून जातं.

रविवारी हाच निकाल सोसायटीला लावला. सरकारी मापदंड माणशी दिवसाला १३५ लिटरचा, त्यातले ४५ फ्लशसाठी. १८० फ्लॅट, घरटी चार माणसं, म्हणजे दिवसाला दहा टँकर. त्यातले तीन आपण फ्लश करतो! नळाचं पिण्याचं पाणी, पैसे देऊन आणलेलं, मागवून घेतलेलं, थेट कमोडमध्ये. आणि बेसमेंटमध्ये बिल्डरने बांधलेला सांडपाणी शुद्धीकरण प्लँट गेलं वर्षभर बंद. का? लाइट बिल वाचवायला!

मीटिंगमध्ये शांतता पसरली. मग व्हायचं ते झालं. ‘‘फ्लशला वास येईल’’, ‘‘मीटर लावले तर मोठ्या कुटुंबावर अन्याय’’, ‘‘भाडेकरूंचं काय?’’ चौथ्या मजल्यावरच्या काकांना टँकरच्या पाण्याची भीती होती. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे रुग्ण वाढले, दूषित पाण्याची चर्चा झाली, तेव्हापासून ते उकळल्याशिवाय पाणी पीत नाहीत. मी म्हटलं, ‘‘काका, म्हणूनच टँकर कमी करायचेत.’’ काका बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीच हात वर केला. प्लँट दुरुस्त करायचा, प्रत्येक फ्लॅटला मीटर लावायचे, बोअर यंदा नाही. अगदी थोडक्या मतांनी पास!

आता महिना झालाय. प्लँट चालू आहे. पहिल्या आठवड्यात वास आला, मी आठ शिव्या खाल्ल्या, मग ऑपरेटर बदलला आणि वास गेला. दहाचे सात टँकर झाले. पहिलं मीटरचं बिल आलं तेव्हा आमच्याच घरातला गळका नळ सापडला. बायकोने काहीही न बोलता फक्त माझ्याकडे बघितलं.

रात्री मामाला फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्याने, मधे बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘चांगलं केलंस. म्हंजे आता आमचं आवर्तन टायमात येईल व्हय?’’

खोटं बोलता आलं असतं. म्हटलं, ‘‘नाही मामा. एका सोसायटीने नाही येणार.’’

तो हसला. ‘‘मग बाकीच्यांनाबी सांग की.’’

म्हणून सांगतोय.