पैसे भरले म्हणून नाव आपले होत नाही

पुण्यात गिर्यारोहणाचे गट आहेत, वाचनकट्टे आहेत, ढोल-ताशा पथके आहेत, गणेश मंडळे तर पेठोपेठी आहेत. यातल्या अनेकांची वेबसाइट असते. मात्र तिचे डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, संस्थेच्या नावावर असतेच असे नाही. कुणा उत्साही कार्यकर्त्याने ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डाने घेतलेले असते. सगळे एकदिलाने चालते तोवर ही गोष्ट कुणाच्या ध्यानीमनीही नसते. कार्यकारिणी बदलली, तो माणूस दुखावून बाजूला झाला, की पासवर्डवरून भांडण पेटते.

त्या कार्यकर्त्याची बाजू आधी नीट ऐकली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. तो म्हणतो, 'डोमेन कशाशी खातात हे इथे कुणाला ठाऊक नव्हते, तेव्हा मी धावपळ केली. दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे पदरचे घातले. नोंदणीत नाव माझे आहे. म्हणून डोमेन माझे.' धावपळ खरी, पैसे खरे, नोंदणीही खरी. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मुळीच मान्य करता येणार नाही.

डोमेन कायमचे विकत मिळतच नाही. नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांची होते, आणि नूतनीकरण चुकले की हक्कही जातो. नोंदणीधारकाच्या हाती असतो तो फक्त नाव वापरण्याचा करार. त्या नावाला किंमत येते ती संस्थेने वर्षानुवर्षे केलेल्या कामामुळे. 2004 साली सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, की डोमेनला व्यापारचिन्हासारखे स्वरूप असू शकते आणि दुसऱ्याच्या लौकिकावर ते चालवणाऱ्याला रोखता येते. तो वाद कंपन्यांचा होता. पण लौकिक ज्याचा, नाव त्याचे, हा न्याय मंडळालाही लावायला हवा. मंडळाच्या दारावरची पाटी कुणी स्वखर्चाने रंगवून दिली, तर त्याचे पैसे परत करावेत, चारचौघांत आभार मानावेत. पाटीवरचे नाव त्यामुळे त्याचे होत नाही.

पुण्याने याहून मोठा पेच पाहिला आहे. सार्वजनिक सभा 1870 साली स्थापन झाली आणि पुढे न्यायमूर्ती रानड्यांनी तिला घडवले. गोखले तिचे चिटणीस होते. 1895 मध्ये सभेच्या कारभारात टिळकपक्षाचे बहुमत झाले. रानडे-गोखल्यांनी 1896 मध्ये डेक्कन सभा ही वेगळी संस्था काढली. जुने नाव बहुमताबरोबर राहिले. त्या वादात कोण बरोबर होते यावर आजही वाद घालता येईल. पण ज्यांचे आयुष्य त्या सभेत गेले होते, ते नवे नाव घेऊन उभे राहिले. पासवर्ड दाबून बसणाऱ्याचा त्याग त्यांच्याहून मोठा आहे काय?

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. 'नोटीस काढा, खेचा कोर्टात' असे म्हणणारी कार्यकारिणीही तितकीच चुकते. डॉट इन नावांसाठी ती सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेची लवादाची व्यवस्था आहे, डॉट ऑर्गसारख्यांसाठी डोमेनचे जागतिक नियम ठरवणाऱ्या आयकॅनची. दोन्ही मुख्यतः दुसऱ्याचे नाव बळकावणाऱ्यांसाठी आहेत. तिथे नावावरचा आपला हक्क दाखवावा लागतो आणि समोरच्याचा दुष्ट हेतूही सिद्ध करावा लागतो. आयकॅनच्या नियमात तर नोंदणी करतानाच हेतू वाईट होता हेही दाखवावे लागते. ज्याने तुमच्याच सांगण्यावरून नोंदणी केली, त्याच्याविरुद्ध हे कसे सिद्ध करणार? आयकॅनच्या नियमांखाली जिनिव्याच्या वायपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे) तक्रार नेली तर एका लवादाची फीच 1500 डॉलर आहे. आणि भांडण चालू असताना मुदत थांबत नाही. डॉट ऑर्गचे डोमेन संपून रद्द झाले की जादा दंड भरून सोडवायला 30 दिवस, मग 5 दिवस नुसती प्रतीक्षा, त्यानंतर ते जगातल्या कुणालाही खुले. जुन्या नावांवर टपून बसलेले लोक असतात. दोघांच्या भांडणात तेच नाव पळवतात.

म्हणून कुणाचे बरोबर हे ठरवण्याआधी नूतनीकरण करा. मग कार्यकारिणीत ठराव करा: आजवरचा खर्च कार्यकर्त्याला परत द्यावा, त्याच्या कामाची नोंद इतिवृत्तात घ्यावी, डोमेन संस्थेच्या नावावर करावे. संस्थेच्या नावावर ते घेता येत नाही, हा निव्वळ गैरसमज आहे. नोंदणीत 'ऑर्गनायझेशन' असा रकाना असतोच, तो रिकामा सोडला जातो इतकेच. खात्याचा ईमेल आणि ओटीपी येणारा मोबाइल नंबरही बदलला पाहिजे, नाहीतर नाव संस्थेचे आणि किल्ली जुन्याच खिशात अशी गत होते. तो ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेन बंद पडले की त्यावरची टपालपेटीही बंद, आणि सोडवणुकीचा निरोप तिथेच अडकतो.

कपाटे-खुर्च्यांबरोबर डेड स्टॉक रजिस्टरमध्ये डोमेनचीही ओळ हवी, म्हणजे दरवर्षी हिशेब तपासनीस विचारील. बँकेतल्या सह्या बदलतात त्याच दिवशी हा ताबाही बदलावा, आणि तो दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा.

खरी अडचण येते ती संस्थेतच दोन गट पडल्यावर. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 22 नुसार विश्वस्त बदलले की बदल अर्ज 90 दिवसांत द्यायचा असतो. त्याचा निकाल लांबला की दोन्ही गट स्वतःला खरे विश्वस्त म्हणवतात. अशा वेळी दोघांना मान्य असलेल्या ज्येष्ठ सभासदाकडे डोमेन ठेवावे, निकालापर्यंत वेबसाइटवर काहीही बदलू नये, नूतनीकरण मात्र चुकवू नये. संस्था म्हणून नोंदणी नसलेल्या गटांनीही असाच एक जण नेमून तसे कागदावर लिहून ठेवावे.

ज्यांच्याकडे आज कुठल्या संस्थेचे डोमेन आहे, त्यांनी कुणी मागायची वाट न पाहता ते सुपूर्द करावे. आणि पदाधिकाऱ्यांनो, येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. भांडण नसतानाच तो पाच मिनिटांत मिटतो.