मंत्र्यांचं मत की सरकारचा हुकूम?

जानेवारी २०२५च्या शेवटी राज्याचे मत्स्यव्यवसाय आणि बंदरे मंत्री नितेश राणे यांनी शालेय शिक्षण मंत्री दादा भुसे यांना पत्र लिहिलं. दहावी-बारावीच्या परीक्षा केंद्रांवर मुलींना बुरखा घालून बसू देऊ नये, अशी त्यात मागणी आहे. कारणं दिली आहेत कॉपीची आणि सुरक्षिततेची. मासेमारी आणि बंदरं सांभाळणाऱ्या मंत्र्याला परीक्षेच्या हॉलची एवढी काळजी का, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. २०२५ साली बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू होणार होती, दहावीची २१ला. ज्या मुलींबद्दल हे पत्र आहे, त्या तेव्हा जुन्या प्रश्नपत्रिका सोडवत बसल्या होत्या. माझी भाची त्यातलीच एक.

पत्राची बातमी आली आणि दोनच दिवसांत आमच्या नालासोपाऱ्यात एक अर्ज फिरू लागला. पोलीस ठाण्यात द्यायचा अर्ज. मंत्र्यांच्या बोलण्यामुळे आमच्या धार्मिक भावना दुखावल्या आहेत, तरी भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली गुन्हा नोंदवावा. जुम्याच्या नमाजनंतर सह्या घेणं चालू होतं. अर्ज लिहिणारी मुलं ओळखीची आहेत, मनाने चांगली आहेत, रक्तदान शिबिराला सगळ्यांत आधी तीच येतात. मी सही केली नाही. का नाही, ते मशिदीबाहेरच्या गर्दीत नीट सांगता येत नव्हतं, म्हणून इथे लिहितो आहे.

कलम २९९ म्हणजे जुन्या दंड संहितेतलं २९५-अ. एखाद्या वर्गाच्या धर्माचा जाणूनबुजून, दुष्ट हेतूने अपमान केला तर तीन वर्षांपर्यंत कैद. हे कलम १९२७ साली आलं, आणि ते मुस्लिमांच्या संतापातून आलं, हे आपल्यातल्या थोड्यांनाच माहीत असतं. लाहोरात पैगंबरांवर एक विखारी पुस्तिका निघाली होती. प्रकाशक हायकोर्टातून सुटला, कारण तेव्हाच्या कायद्यात ते बसत नव्हतं. मग सरकारने हे कलम जोडलं. त्या विधेयकाच्या वेळी जिनांनी बजावलं होतं की धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणारा माणूस यात अडकता कामा नये. १९२९ साली त्या प्रकाशकाला भोसकून मारण्यात आलं. कलम तेव्हा कायद्याच्या पुस्तकात होतंच.

आता या कलमाचा आपल्या भागातला हिशेब बघा. विरारच्या पुढे वैतरणा, सफाळे, केळवे रोड आणि मग पालघर. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. १७ नोव्हेंबर २०१२ला बाळासाहेब ठाकरे गेले आणि मुंबई बंद झाली. हा बंद आदरापोटी नाही, धाकापोटी आहे, अशा अर्थाचं पालघरच्या एका मुस्लिम मुलीने फेसबुकवर लिहिलं. तिच्या हिंदू मैत्रिणीने ते लाइक केलं. दोघी विशीतल्या. दोघींना अटक झाली, जमावाने पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड केली. त्या मजकुरात कुठल्याच धर्माबद्दल काही नव्हतं, तरी सुरुवातीला लावलेल्या कलमांत २९५-अ होतं. जोडीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ. पुढे प्रकरण बंद झालं, अधिकारी निलंबित झाले, देशभर बोंब झाली, आणि २४ मार्च २०१५ला श्रेया सिंघल खटल्यात सुप्रीम कोर्टाने ६६-अ रद्द केलं. २९५-अ राहिलं. आता त्याचाच नंबर २९९ आहे.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा. तिथे एखादं बटण बनवायचं झालं की आधी विचारायचं असतं, उद्या हे कोणाच्या हाताखाली येणार? 'भावना दुखावल्या' हे असं बटण आहे की ज्याला मोजमाप नाही. समोरचा म्हणाला दुखावल्या की दुखावल्या. ते दाबलं जाणार पोलीस ठाण्यात. ठाणं कोणाचं ऐकतं हे तुम्हाला-मला सांगायला नको. राज्याच्या मंत्र्याविरुद्ध ते दाबायला निघालेल्या पोरांनी एवढं बघावं की पालघरला ते कोणावर दाबलं गेलं होतं.

आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ऑगस्ट २०१८मध्ये ब्रिटनचे बोरिस जॉन्सन यांनी वर्तमानपत्रात लेख लिहिला. डेन्मार्कने चेहरा झाकण्यावर नुकतीच बंदी घातली होती. ती त्यांना मान्य नव्हती. पण त्याच लेखात त्यांनी बुरखा घातलेल्या बायका टपालपेटीसारख्या दिसतात अशी टर उडवली. म्हणजे टर उडवली आणि बंदीला विरोध केला. आपल्याकडच्या पत्राची भाषा सरकारी आहे, बोचरा शब्द शोधावा लागेल, पण मागणी आहे ती बंदीची. भावना कशाने दुखावतात? टपालपेटीने. नुकसान कशाने होतं? पत्राने. कलम २९९ घेऊन गेलात तर जॉन्सन कदाचित सापडतील, ज्यांनी कोणाच्या अंगावरचा कपडा काढायला सांगितलं नव्हतं. आणि जो माणूस सभ्य मराठीत आपल्या मुलीला परीक्षेच्या दारातून परत पाठवायला सांगतो, तो सुटेल. त्याने अपमान कुठे केला? त्याने तर फक्त शिफारस केली.

टर उडवण्याला किंमत नसते असं मी म्हणत नाही. 'टेल मामा' या ब्रिटनमधल्या संस्थेने नोंद ठेवली आहे. तो लेख येण्याआधीच्या आठवड्यात मुस्लिमविरोधी प्रकार ८ होते, नंतरच्या आठवड्यात ३८. लेख लिहिणारा वर्षभरात पंतप्रधान झाला, शिव्या बसस्टॉपवर उभ्या असलेल्या बाईने खाल्ल्या. विरार लोकलच्या लेडीज डब्यात कोणी अम्मीच्या बुरख्याकडे बघून काही बोललं, तर तेही अशाच कोणाच्या भाषणातून आलेलं असतं. त्या बोलणाऱ्याला, धक्का मारणाऱ्याला, कपडा ओढणाऱ्याला कायदा आहे, आणि तो तिथे लागलाच पाहिजे.

तसंच धमकीचं. सप्टेंबर २०२४मध्ये अहमदनगर जिल्ह्यात, मशिदीत घुसून मारण्याची भाषा केल्याबद्दल नितेश राणे यांच्यावर गुन्हे नोंदले गेले. तेव्हा ते आमदार होते. ते गुन्हे नोंदवणं योग्यच होतं, त्यांचा पाठपुरावा तारखेगणिक झाला पाहिजे. तो प्रश्न कोणाच्या भावनांचा नव्हता, जिवाचा होता. त्याच वर्षी १५ डिसेंबरला त्यांनी मंत्रिपदाची शपथ घेतली. गुन्हा नोंदला की राजकारण्याला जरब बसते, या समजुतीबद्दल याहून वेगळं काय बोलायचं!

मग मंत्र्याला बोलायची मोकळीक किती? यावर सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींचा निकाल आहे, ३ जानेवारी २०२३चा, कौशल किशोर खटल्यातला. ज्या मंत्र्यांच्या वक्तव्यावरून तो उद्भवला, ते समाजवादी पक्षाचे आझम खान होते. बुलंदशहरच्या सामूहिक बलात्कार प्रकरणाला त्यांनी राजकीय कट म्हटलं होतं, आणि पुढे कोर्टात बिनशर्त माफी मागितली. हे नाव आपण वगळू नये. कोर्टाने बहुमताने सांगितलं की घटनेच्या कलम १९(२)मध्ये जी बंधनं आहेत, त्यापलीकडे मंत्र्यांच्या बोलण्यावर जादा बंधनं घालता येणार नाहीत. आणि मंत्र्याचं वक्तव्य म्हणजे आपोआप सरकारचं वक्तव्य, असंही धरता येणार नाही. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांचं मत वेगळं होतं. मंत्री अधिकाराच्या नात्याने बोलला आणि ते सरकारचंही म्हणणं असेल, तर ते सरकारच्या खात्यावर मांडता येईल, असं त्या म्हणाल्या.

मला नागरत्नाबाईंचं म्हणणं पटतं, पण निकाल बहुमताचा आहे आणि त्यातूनही आपल्याला एक वाट मिळते. मंत्र्याचं मत सरकारचं नसेल, तर सरकारने तसं सांगावं. असेल, तर तेही सांगावं. सध्या दोन्ही बाजूंनी फायदा घेतला जातो. टाळ्या घ्यायच्या तेव्हा तो मंत्री असतो आणि जबाब द्यायची वेळ आली की ते त्याचं वैयक्तिक मत ठरतं. साध्या वापरकर्त्याची टिप्पणी आणि ज्याच्याकडे सगळ्या किल्ल्या आहेत त्याची टिप्पणी, यांना आमच्या ऑफिसातही एकाच मापाने मोजत नाहीत.

विचारल्यावर फरक पडतो. श्रीलंकेत ईस्टरच्या दिवशी स्फोट झाले, तिथल्या सरकारने चेहरा झाकण्यावर बंदी घातली, आणि १ मे २०१९ला 'सामना'च्या अग्रलेखाने भारतातही बुरख्यावर बंदी मागितली. ती निवडणूक चालू असतानाची गोष्ट. विचारणा झाली तशी ही पक्षाची अधिकृत भूमिका नाही, असं शिवसेनेच्या नीलम गोऱ्हे यांना सांगावं लागलं. अग्रलेख लिहिणं हा वर्तमानपत्राचा हक्क, मी त्याच्या विरोधात सही करणार नाही. पण पक्षाला हो किंवा नाही म्हणायला लावणं हा आपला हक्क, आणि त्या वेळी 'नाही' मिळालं.

चेंबूरच्या आचार्य-मराठे कॉलेजच्या मुलींनीही हेच केलं. कॉलेजने हिजाब, टोपी, बिल्ले यांना मनाई केली. मुंबई हायकोर्टाने जून २०२४मध्ये त्यांची याचिका फेटाळली. त्या थांबल्या नाहीत, सुप्रीम कोर्टात गेल्या. ९ ऑगस्ट २०२४ला त्या मनाईला अंतरिम स्थगिती मिळाली. टिळा-टिकली लावणाऱ्यांनाही तुम्ही मनाई कराल का, असं न्यायमूर्तींनी कॉलेजला विचारलं. वर्गात बुरखा मात्र चालणार नाही, हेही त्याच आदेशात आहे, आणि आपल्या व्हॉट्सॲपवर फिरलेल्या अभिनंदनाच्या मेसेजात ते वाक्य नव्हतं. त्या मुलींनी पोलिसांत जाऊन कोणाला आत टाका असं म्हटलं नाही. शिकायचं आहे, आमच्या कपड्यांचा निर्णय आम्ही करू, असं म्हणाल्या.

सोपारा गावात सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले, आठव्या आणि नवव्या लेखाचे. गिरनारला बारावाही शाबूत आहे. आपल्या पंथाच्या थोरवीसाठी दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नका, जिभेला आवर घाला, असा त्याचा आशय आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या राजाने ते सांगितलं, आणि त्या लेखात न ऐकणाऱ्याला शिक्षा नेमलेली नाही.

आपल्या घरातलंही थोडं बोलू. अबू आझमी यांनी जानेवारी २०१७मध्ये, बंगळुरूच्या नववर्षाच्या रात्री मुलींची छेड काढली गेल्यावर, मुलींच्या कपड्यांनाच बोल लावला. साखर असेल तिथे मुंग्या येणारच, अशी उपमा दिली. तेव्हा आमच्या गल्लीत अर्ज फिरला नाही. हमीद दलवाईंनी १९६६ साली सात मुस्लिम महिलांना घेऊन तलाकविरोधात विधानभवनावर मोर्चा नेला, त्यांच्याबद्दल आजही काही घरांत आवाज चढतो. भावना दुखावण्याचा कायदा आपल्या हातात कडक असावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी सांगावं की उद्याचा दलवाई, किंवा बुरखा नको म्हणणारी आपलीच एखादी मुलगी, त्यातून कशी सुटेल. माझी अम्मी बुरखा घालते, बायको डोक्यावर ओढणी घेते, भाची बुरखा घालते पण चेहरा उघडा ठेवते. तिघींनी तीन कारणं सांगितली. त्यातलं एकही मंत्र्यांनी विचारलेलं नाही, आणि अर्ज लिहिणाऱ्यांनीही विचारलेलं नाही.

कॉपीच्या मुद्द्याला उत्तर द्यायला हवं, कारण तो खरा मुद्दा आहे आणि नुसतं 'इस्लामोफोबिया' म्हणून तो टाळता येत नाही. प्रवेशपत्रावर फोटो असतो. चेहरा झाकणारी मुलगी असेल तर हॉलमध्ये जाण्याआधी बाजूच्या खोलीत पर्यवेक्षिकेने चेहरा आणि फोटो ताडून बघायचा, कानात काही यंत्र नाही ना ते बघायचं. एका मुलीला अर्धा मिनिट लागेल. मुलींनीही अर्धा तास लवकर पोचावं आणि तपासणीला नाही म्हणू नये. यासाठी कोणाच्या घरचा कपडा दारात उतरवावा लागत नाही.

म्हणून कलम २९९च्या अर्जाऐवजी एक पानी पत्र तयार केलं आहे, मुख्यमंत्री आणि शालेय शिक्षण मंत्र्यांच्या नावे. त्यात भावनेचा शब्द नाही. २०२५च्या परीक्षेत बुरखा घातलेल्या मुलीला केंद्रात येऊ द्यायचं नाही, असं शासनाचं धोरण आहे का? असल्यास आदेशाची प्रत द्या. नसल्यास तसं केंद्रसंचालकांना लेखी कळवा. पत्र मराठीत आणि उर्दूत आहे, उर्दू प्रत घरच्या बायकांना वाचायला द्या, सही त्यांची हवी. या शनिवारी दोन शिक्षिका आणि आम्ही तिघं जवळच्या केंद्रांच्या संचालकांना भेटायला निघतो आहोत. बाजूच्या खोलीची आणि पर्यवेक्षिकेची सोय आहे की नाही, एवढंच विचारायचं आहे.