नवं नाव, नवं गाव

खरं बोलावं, हे आपण रोज शिकतो. पण खरं बोलल्यामुळे घरच सोडावं लागलं तर?

अमेरिकेत गुंडांच्या टोळ्यांविरुद्ध साक्ष द्यायला लोक घाबरत. म्हणून १९७० साली तिथे कायदा झाला. तेव्हापासून मार्शल्स हे सरकारी दल साक्षीदाराला मुलाबाळांसह दूर नेऊन ठेवतं. नवं आडनाव, नवी कागदपत्रं, नवी शाळा! पहिलं नाव पुष्कळदा तेच राहतं, म्हणजे हाकेला चटकन ‘ओ’ देता येते. मात्र जुन्या मित्रांना पत्ता कळवायचा नाही! अशी १९ हजारांवर माणसं सांभाळली गेली.

आपल्याकडेही २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली. खऱ्याची बाजू घेणारा एकटा पडू नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप. वर्गातही हे जमेल ना?