वगळलेली आंघोळ

कानडी मुलखातल्या आमच्या शहरात, शिवाजीनगरातल्या एका घरी मुलांच्या वाचनसत्रात ‘श्यामची आई’ लावली होती. ‘देवाला सारी प्रिय’ हे प्रकरण वाचताना काकूंनी मोळीवाल्या महार म्हातारीची जात गाळली, पुढच्या काही ओळीही गाळल्या. पुस्तक उघडून बसलेल्या सातवीतल्या मुलीच्या ते लगेच लक्षात आलं. ‘‘काकू, आंघोळीचं का नाही वाचलंत?’’

‘‘ते जुनं आहे गं, सोड.’’ मोठ्यांनी माना डोलावल्या आणि पोह्यांच्या बश्या फिरू लागल्या.

ही सोडासोड थांबायला हवी.

प्रसंग सगळ्यांच्या ओळखीचा. म्हातारीची मोळी पडलेली, उचलू लागायला कुणी नाही. आई श्यामला पाठवते. लोक रागावतील म्हणून तो बिचकतो, तेव्हा घरी येऊन आंघोळ कर, असं सांगते. ही आंघोळ गाळली की उरते नुसती मायाळू आई. मग म्हातारीच्या मदतीला कुणी का आलं नाही, मुलगा का बिचकला, हे आजच्या मुलांना कळणार कसं? दया होती त्या घरातही विटाळ होता. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली हे लिहिताना साने गुरुजींनी तो झाकला नाही, आपण कोण झाकणार? याच गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केलं. ती आंघोळ वाचलेल्या मुलालाच त्या उपोषणाची किंमत कळते.

अमेरिकेत मार्क ट्वेनच्या ‘हकलबरी फिन’च्या २०११ मधल्या एका आवृत्तीत काळ्या लोकांना दिलेली शिवी दोनशेहून अधिक ठिकाणी काढून ‘गुलाम’ घातलं गेलं. त्यावर आपल्याकडची शिकलेली मंडळी हिरिरीने बोलतात. मुलांच्या वंशभेदावरच्या प्रोजेक्टसाठी आई-बाबा रात्री जागून तक्ते रंगवतात. अमेरिकेतलं पाप सांगताना कुणाची जीभ अडखळत नाही. श्यामच्या कोकणातलं आलं की पान उलटतं.

अर्थात, वाचायचं म्हणजे कसंही नव्हे. मिसिसिपीतल्या बिलॉक्सी इथे २०१७ मध्ये ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ हे वंशभेदावरचं पुस्तक आठवीच्या वर्गातून काढलं गेलं, कारण त्यातल्या भाषेने अवघडल्यासारखं होतं अशा तक्रारी होत्या. पुस्तक काढणं चूक, पण ते अवघडणं खरं आहे. आपल्या सत्रातही एखाद्या मुलाकडे आडनावावरून नजरा वळू शकतात. त्याला तो उतारा मोठ्याने वाचायला लावणं निर्दयपणाच. त्याआधी मुक्ता साळवे वाचावी. फुल्यांच्या शाळेतल्या या चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’त छापून आला. तिचा संताप ऐकल्यावर श्यामच्या गोष्टीतली म्हातारी नुसती दयेची धनी राहत नाही.

   

हे सगळं उपदेशासारखं झालं असेल तर क्षमा असावी. काकूंनी मुलांना जपायलाच ओळी गाळल्या, आणि कानडी-इंग्रजीच्या रेट्यात मुलांच्या हाती मराठी पुस्तक राहतं ते अशा काकूंमुळेच. म्हणून विनंती त्यांनाच आहे. पुढच्या सत्राला मुक्ताचा निबंध घ्यावा. तो एका बैठकीत वाचून होतो, आणि मुलांच्या प्रश्नांना भरपूर वेळ उरतो.