बत्ती सर्वांची



मे महिन्याच्या सुटीत गावी गेलेली आपली कुटुंबे एक दिवस रत्नागिरी शहर पाहायला काढतात. थिबा राजवाडा होतो, मांडवीचा किनारा होतो, आणि पोरे दमली म्हणून सगळे परतीची एस.टी. पकडतात. रत्नदुर्गावरची बत्ती मात्र पाहायची राहून जाते. आमचे म्हणणे असे, की एक ठिकाण कमी करा, पण बत्ती चुकवू नका.

घोड्याच्या नालेसारखा हा किल्ला तीन बाजूंनी समुद्रात शिरला आहे. त्याच्या टोकाच्या सिद्ध बुरुजावर 1867 साली दीपगृह सुरू झाले. ब्रह्मदेशचा बौद्ध राजा थिबा याला इंग्रजांनी 1886 साली कैदी म्हणून समुद्रमार्गे येथे आणले, तेव्हा ही बत्ती 19 वर्षे जळत होती. भगवती मंदिराकडचा रस्ता वेगळा आणि बत्तीकडचा वेगळा. तेव्हा विचारत विचारत जावे. आत सोडण्याची वेळ ठरलेली असते, तीही आधी चौकशी करून घ्यावी. वरून एका बाजूला मिरकरवाडा बंदरातल्या होड्या दिसतात आणि समोर नुसते पाणी.

मुले विचारतील, बत्ती एवढ्या उंचावर कशाला? त्यांना सांगा, पृथ्वी गोल आहे. माणसाच्या उंचीवर धरलेला दिवा चार-पाच किलोमीटरवर पाण्याआड जातो. तोच दिवा समुद्रापासून 100 मीटर उंचीवर ठेवला, तर हवा स्वच्छ असताना सुमारे 36 किलोमीटरपर्यंत दिसू शकतो. त्यासाठी उजेड पसरून वाया जाता कामा नये. फ्रान्सच्या फ्रेनेल नावाच्या शास्त्रज्ञाने 1820 नंतरच्या काळात काचेच्या कड्यांचे भिंग तयार केले. ते चहूकडे पसरणारा उजेड गोळा करून समुद्राकडे सरळ फेकते.

आणखी एक गंमत आहे. किनाऱ्यावर एकामागून एक बत्त्या आहेत. मग अंधारात ही रत्नागिरीची की जयगडची, हे खलाशाला कसे कळते? प्रत्येक बत्तीची उघडझाप वेगळी ठरवलेली असते. खलाशी मनात सेकंद मोजतो आणि ठिकाण ओळखतो. रात्री मुक्काम असेल तर किनाऱ्यावर बसून मुलांना मोजायला लावा. पाढ्यांपेक्षा आवडीने मोजतील.

आज वीज आहे, बटण आहे. पूर्वी तेलाचा दिवा होता. रोज तेल वर चढवायचे, वात कापायची, काच पुसायची आणि रात्रभर जागायचे. पावसाळ्यात वारा माणसाला उभा राहू देत नाही, तरी हे काम चुकवता येत नसे. किल्ला कोणी जिंकला ते बखरीत सापडते. काच कोणी पुसली ते कोणी लिहून ठेवले नाही. ती माणसे पगारावरची, साधी होती. त्यांच्या जागरणावर शेकडो जीव सुखरूप घरी पोचले.

त्या जिवांत आपलीही माणसे होती. मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत राबणारे कोकणातले चाकरमानी बोटीनेच गावी जात. भाऊच्या धक्क्यावर वळकटी घेऊन चढायचे, रात्र डेकवर काढायची, बंदर आले की पडावात उतरून किनारा गाठायचा. ज्यांच्या घरी अजून कोणी आजी-आजोबा आहेत, त्यांनी ही हकीकत जरूर विचारून घ्यावी. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, त्यानंतर जन्मलेल्या मुलांना ती गोष्टीसारखी वाटेल.

पण एकटी बत्ती पुरत नाही. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट भर दिवसा वादळात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. पोहून किनाऱ्याला लागलेल्यांनी सांगितले, तेव्हा मुंबईला कळले. गरिबाच्या प्रवासात अशा वस्तूंवरचा खर्च नेहमी शेवटी आठवतो.

म्हणूनच बत्तीमागची व्यवस्था आम्हाला मोलाची वाटते. 1927 च्या दीपगृह कायद्याने बत्त्यांच्या खर्चासाठी मोठ्या जहाजांकडून शुल्क घेण्याचे ठरवले आणि 50 टनांखालच्या नौकांना माफी दिली. 2021 साली त्या जागी नवा कायदा आला. पण त्या जुन्या कायद्यातले तत्त्व ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ऐपत असेल त्याने पैसे भरावेत आणि उजेड सर्वांना सारखा मिळावा. मासे धरायला निघालेल्या होडीला वेगळी, मंद बत्ती कोणी लावली नाही. दवाखाना, शाळा, नळाचे पाणी याच हिशेबाने मिळाले पाहिजे. ती मागताना आपण कोणाचे उपकार मागत नाही.

आता जहाजांना उपग्रह वाट दाखवतो. तरी यंत्र बिघडले की डोळे किनाऱ्यावरची बत्तीच शोधतात.

तेव्हा येत्या सुटीत मुलाबाळांना घेऊन जा. सोबत पाण्याची बाटली आणि भाकरी असू द्या, कारण उन्हात चढ आहे. कठड्यापाशी लहानांचा हात सोडू नका. आणि परतताना तिथल्या कर्मचाऱ्याला दोन शब्द बोलून या. रात्री आपण झोपतो, तेव्हा तिथे कोणीतरी कामावर असते.