एकवीस तेच, हिशेब वेगळा

एक्का आणि दहा किमतीचे पान पहिल्या दोन पत्त्यांत आले की ब्लॅकजॅक. एवढ्या भांडवलावर लोक न्यू जर्सीतल्या परवानाधारक ऑनलाइन कॅसिनोत बसतात आणि खेळ सगळीकडे सारखाच समजतात. तो तसा नसतो.

एका टेबलावर 10 डॉलरच्या ब्लॅकजॅकला 15 डॉलर मिळतात, दुसऱ्यावर 12. तीन डॉलरचा फरक किरकोळ वाटतो. पण असा हात साधारण एकवीस डावांत एकदा येतो. अचूक खेळणाऱ्यापुढे कॅसिनोची सरशी एरवी अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. या एका बदलाने ती जवळपास चौपट होते.

एक्का अकरा धरून सतरा झाले, तर डीलरने थांबायचे की आणखी पान घ्यायचे? घेतले, तर खेळाडूला सुमारे 0.2 टक्क्यांचा फटका. युरोपीय पद्धतीत तर खेळाडूंचे डाव आटोपेपर्यंत डीलर दुसरे पान घेतच नाही. त्याचा ब्लॅकजॅक निघाला, की दुप्पट केलेली पैज बहुधा सगळीच बुडते.

एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने 1962 मध्ये पाने मोजण्याची युक्ती पुस्तकातून मांडली. सॉफ्टवेअरवरच्या टेबलांवर ती निरुपयोगी, कारण तिथे बहुतेकदा दर डावाला पत्ते नव्याने पिसले जातात.

भारताने 2025 च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीच आणली. जिथे परवाने मिळतात, तिथे निदान कॅसिनोच्या सरशीचा आकडा मदतीच्या पानात न दडवता पैज लावण्याच्या बटणाशेजारी छापण्याची सक्ती हवी.