ऐंशीची पाटी आणि सहा हजार आरपीएम

रविवार, पहाटे पावणेसहा. वांद्रे रेक्लमेशनवरून सी लिंकला लागलो. गाडी बाबांची, २००२ची होंडा सिटी १.५ व्हीटेक. २००३ मध्ये नवी 'डॉल्फिन' सिटी आली आणि १०६ बीएचपीचं हे इंजिन गेलं. त्याजागी आलं ७७ बीएचपीचं, ॲव्हरेज देणारं. तेव्हा बाबांनी वाकडं केलेलं तोंड अजून सरळ झालेलं नाही :-)

ऑफिसातला मित्र म्हणतो, "अरे, हल्ली एक लिटरची टर्बो १२० देते. हे म्हातारं कशाला सांभाळतोस?" आकड्यांत त्याचं बरोबर आहे. टर्बो हवा कोंबतो, त्यामुळे दोन हजारच्या आतच भरपूर टॉर्क मिळतो. नॅचरली ॲस्पिरेटेड इंजिनाला मात्र स्वतःच हवा ओढायची असते. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम; हवा कोंबता येत नसेल तर फेरे वाढवा. पण फेरे वाढले की सिलिंडर भरायला वेळ पुरत नाही. म्हणून व्हीटेकच्या कॅमशाफ्टवर दोन तऱ्हेचे लोब असतात. वर गेलं की पिन सरकते, उंच लोब कामाला लागतो आणि व्हॉल्व्ह जास्त उघडतात. हेच ताणून होंडाने १९९९ मध्ये एस२००० काढली: दोन लिटर, टर्बो नाही, ९,००० आरपीएम!

तर मुद्दा असा, की टर्बो न मागता देतो. हे इंजिन मागाल तेव्हाच देतं; गिअर पाडा, धीर धरा, कान उघडे ठेवा. सी लिंकवर मर्यादा ८०ची. चारशे बीएचपीवाला काही क्षणांतच तिथे पोचतो आणि उरलेला पूल गुरगुरत काढतो. मी दुसऱ्यात ऐंशीपर्यंत जातो तेव्हा इंजिनाने जवळजवळ सगळं बोलून घेतलेलं असतं. तेही चलान न येता.

(कार्टर रोडवर रात्री दोनला सायलेन्सर कापून फिरणाऱ्यांशी माझं काही नातं नाही. लोकांची झोप मोडायला कसलं आलंय पॅशन?)

असो. सोसायटीत पार्किंग एकच, आणि बायकोला तिथे इलेक्ट्रिक हवी आहे. तिचंही चूक नाही. रोजच्या सिग्नल-टू-सिग्नलला तीच शहाणी गाडी. २०२७ मध्ये आमच्या सिटीचं रजिस्ट्रेशन पुन्हा रिन्यू करायचंय. काल बाबांना विचारलं, काय करायचं?

पेपरातून मान वर न करता म्हणाले, "आधी टायमिंग बेल्ट बदल. मग बोलू."